आरोग्य खात्यातून आरोग्य कोणी काढले?

कोणत्याही मध्यम आकाराच्या शहराच्या महापालिका आयुक्तांना विचारावे, की काल शहरातून किती टन कचरा उचलला गेला. आकडा तत्काळ मिळतो. किती घंटागाड्या फिरल्या आणि किती नादुरुस्त होत्या, हेही मिळते. मग विचारावे, की गेल्या आठवड्यात शहरात किती जणांना कावीळ झाली आणि त्यांपैकी किती जण एकाच जलवाहिनीवरचे होते. आयुक्त आरोग्य अधिकाऱ्याकडे पाहतात. आरोग्य अधिकारी सांगतात की ही माहिती सिव्हिल सर्जनकडे असते. सिव्हिल सर्जन सांगतात की आमच्याकडे फक्त दाखल झालेल्या रुग्णांची नोंद होते, आणि दाखल रुग्णाच्या केसपेपरवर तो कोणत्या नळाचे पाणी पितो हे लिहिण्याची पद्धत नाही. हे संभाषण मी अनेकदा ऐकले आहे. टेबलाच्या ज्या बाजूला उत्तर देणारा बसतो त्या बाजूला बसूनही ऐकले आहे. त्यामुळे हा लेख तक्रारीचा असला, तरी ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांत मीही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझे बालपण जबलपूरच्या कांचघर भागात गेले. घमापूरहून सतपुला-रांझीकडे, म्हणजे गन कॅरेज फॅक्टरीच्या दिशेने जाताना ही वस्ती लागते. सकाळी फॅक्टरीचा भोंगा झाला की रस्ताभर सायकली दिसत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूरची राजधानी नागपूर होती, त्यामुळे कचेऱ्यांतून, शाळांतून, रेल्वेत आमच्यासारखी मराठी कुटुंबे पुष्कळ होती. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, असा आमचा व्यवहार. माझे काका नगर निगमच्या स्वास्थ्य विभागात सॅनिटरी इन्स्पेक्टर होते. नागपूर आणि जबलपूर या दोन्ही शहरांचे महानगरपालिका कायदे १९४८ चे म्हणून ओळखले जातात, पण प्रत्यक्ष अंमल १९५० च्या सुमारास सुरू झाला. म्हणजे काकांची नोकरी आणि निगम एकाच वेळी रुजू झाले, असे ते गमतीने म्हणत. १९५१ च्या जनगणनेत जबलपूरची वस्ती अडीच लाखांच्या घरात होती.

काकांच्या सायकलच्या हँडलला एक कापडी पिशवी असे. तीत दुधात पाणी किती हे पाहण्याचा लॅक्टोमीटर, पोटॅशियम परमँगनेटची पुडी, नमुन्याच्या बाटल्या आणि दोन वह्या. परमँगनेटला आम्ही मुले 'लाल दवा' म्हणत असू. ते विहिरीत टाकले की पाणी गुलाबी व्हायचे आणि बायका काकांना मनसोक्त शिव्या द्यायच्या. खंदारीच्या तलावाचे नळाचे पाणी शहराला १८८० च्या दशकापासून मिळत होते, पण नळ प्रत्येक गल्लीत पोचला नव्हता. कांचघरच्या आमच्या बाजूला विहिरीच होत्या. काकांच्या एका वहीत त्या सगळ्यांना क्रमांक दिलेले होते. दुसऱ्या वहीत माणसे होती: कोण जन्मले, कोण गेले, कशाने गेले असे घरचे म्हणतात, कोणाच्या घरी ताप आहे, कोणत्या मुलाला देवी काढायच्या राहिल्या आहेत. देवी काढणारा वेगळा होता. त्याच्या हातातल्या फिरकीच्या लँसेटची भीती मला आजही आठवते. पण कोणत्या घरी जायचे हे त्याला काकांची वही सांगे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यावर डी.डी.टी. फवारणीची पथके येऊ लागली. त्यांनाही घरांची यादी त्याच वहीतून मिळाली असणार.

मी आठ वर्षांचा असेन. आमच्या मागच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या एका बाईला रात्री जुलाब-उलट्या सुरू झाल्या. काकांना निरोप आला आणि कंदील धरायला त्यांनी मला बरोबर नेले (आईने पुढे कितीतरी वर्षे त्यांना याबद्दल बोल लावला). काकांनी बाईला इस्पितळात पाठवण्याची व्यवस्था केली आणि घरच्यांना तीन गोष्टी विचारल्या: पाणी कुठले भरता, काल बाहेरचे काय खाल्ले, घरी कोण पाहुणा आला होता. मग शेजारच्या घरी तेच विचारले. मग पलीकडच्या. सकाळपर्यंत त्यांच्या वहीत सात घरे झाली होती आणि सातांपैकी पाच घरे एकाच विहिरीची होती. ती विहीर वस्तीतल्या एका वजनदार गृहस्थांच्या आवारात होती. त्यांनी विहीर बंद करू देण्यास नकार दिला आणि मी वरपर्यंत जाईन अशी धमकीही दिली. दुपारी स्वतः हेल्थ ऑफिसर आले. ते डॉक्टर होते. त्यांनी विहिरीवर फळ्या ठोकून घेतल्या आणि त्या गृहस्थांना शांतपणे सांगितले की मी लेखी कळवीपर्यंत ही उघडायची नाही, आपण वर जरूर जा. ते गेलेही असतील. फळ्या मात्र पावसाळा संपेपर्यंत तशाच राहिल्या.

त्या वेळी मला यात विशेष काही वाटले नाही. आरोग्य खाते म्हणजे हेच, अशी माझी समजूत होती. पुढे प्रशासकीय सेवेत आल्यावर कळले की ती एका मोठ्या परंपरेची शेवटची वर्षे होती.

ही पद्धत इंग्रजांनी आपल्या देशातून इकडे आणली, आणि तीही अर्धीमुर्धी. १८४७ मध्ये लिव्हरपूल शहराने डॉ. विल्यम हेन्री डंकन यांना आरोग्याचे वैद्यकीय अधिकारी नेमले. ब्रिटनमधली ही पहिली नेमणूक. १८७० च्या दशकातील कायद्यांनी इंग्लंडमधल्या प्रत्येक स्थानिक संस्थेला असा अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. दवाखान्यात बसून रोगी तपासणे हे त्याचे मुख्य काम नव्हते. त्याचा रोगी म्हणजे त्याचे शहर. दरवर्षी त्याने त्या शहराच्या प्रकृतीचा अहवाल लिहून छापायचा. लंडनच्या निरनिराळ्या भागांचे १८४८ ते १९७२ या काळातील असे साडेपाच हजारांहून अधिक अहवाल तिथल्या वेलकम ग्रंथालयाने संगणकावर खुले केले आहेत. निवृत्तीनंतरच्या फावल्या वेळात मी त्यांतले बरेच चाळले. दुसऱ्या महायुद्धानंतरचे अहवाल तर मला काकांच्या वहीचे थोरले भाऊ वाटले. किती बाळंतिणींच्या घरी आरोग्य परिचारिका गेल्या, आइस्क्रीमचे किती नमुने सदोष निघाले, किती घरे राहण्यास अयोग्य ठरवली, किती उंदीर मारले, कोणत्या शाळेत गोवर आला. वाक्ये कोरडी, पण एकेका गल्लीचे नाव त्यात सापडते. आणि पुष्कळदा त्यातच नगर परिषदेवर टीकाही सापडते, परिषदेच्याच पैशाने छापलेली.

ही टीका करण्याची मुभा कुठून आली, हे आपल्याकडच्या अभ्यासकांच्या नजरेतून सहसा सुटते. राहण्यास अयोग्य घरांचे मालक अनेकदा नगर परिषदेत बसलेले असत. त्यांच्याविरुद्ध लिहिणारा अधिकारी त्यांनी दुसऱ्या दिवशी काढून टाकला असता. म्हणून विसाव्या शतकात अशी तरतूद झाली की पूर्णवेळ आरोग्य अधिकाऱ्याला केंद्रीय आरोग्य मंत्र्यांच्या संमतीशिवाय स्थानिक संस्थेला काढता येऊ नये. कांचघरच्या त्या हेल्थ ऑफिसरांच्या आवाजातला शांतपणा मला आठवतो तेव्हा वाटते, की अशा तरतुदींची थोडी छाया त्यांच्यापर्यंतही पोचली असावी.

या पद्धतीने काय साधले याचे एकच उदाहरण पुरे. १९४० साली इंग्लंड-वेल्समध्ये घटसर्पाचे ४६ हजारांहून अधिक रुग्ण आणि सुमारे अडीच हजार मृत्यू झाले. त्याच सुमारास लसीकरणाची मोहीम हाती घेतली गेली आणि तिचा भार या स्थानिक आरोग्य विभागांवर होता. १९५७ साली तिथे घटसर्पाने मेलेल्यांची संख्या सहा होती. त्याच १९५७ साली ग्लासगो शहराने क्षयरोग शोधण्यासाठी पाच आठवड्यांत सात लाखांहून अधिक नागरिकांच्या छातीचे एक्स-रे काढले. रस्त्यारस्त्यांतून स्वयंसेवक दारोदार फिरले, आणि शहराच्या आरोग्य विभागाने ते घडवून आणले. दारात कोण जाणार आणि कोणत्या दारात जायचे, हे ज्याला माहीत होते त्याच्याकडे काम सोपवले गेले होते.

ही पद्धत निर्दोष होती असे मी म्हणत नाही. तिच्या अपयशाचीच गोष्ट मला अधिक शिकवून गेली. १९३७ च्या शरद ऋतूत लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये विषमज्वराची साथ आली आणि ४३ माणसे मेली. चौकशीत असे दिसले की ॲडिंग्टन येथील शहराच्या एका विहिरीत दुरुस्तीचे काम चालू होते, त्या काळात गाळणी आणि क्लोरिनेशन बंद होते, आणि काम करणाऱ्यांपैकी एक जण विषमज्वराचा वाहक होता. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला काम चालू असल्याचे माहीत होते. आरोग्य अधिकाऱ्याला ते कोणी कळवले नव्हते. एकाच संस्थेतल्या दोन खोल्या, पण मधले दार बंद.

आपल्याकडे याचा मोठा भाऊ १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत घडला. यमुनेच्या पात्रात बदल होऊन नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या पंपाकडे उलटे आले. पाणी बिघडल्याचे जलशुद्धीकरण केंद्रातल्या लोकांच्या ध्यानात आले, त्यांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवले. विषमज्वराचे जंतू त्याने मेले, पण काविळीचे विषाणू तेवढ्याने मेले नाहीत. काही आठवड्यांनी सुमारे २९ हजार लोक पिवळे पडले. ती हेपॅटायटिस 'ई' ची साथ होती, हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुष्कळ वर्षांनी समजले. या आजाराचे एक क्रूर वैशिष्ट्य असे की गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतल्या स्त्रिया त्यात इतरांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात दगावतात. हे वाक्य मी पुस्तकातून शिकलो नाही.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस मी एका शहराचा आयुक्त होतो. नाव देत नाही. मी रुजू झालो तेव्हा शहरात कचऱ्याचे ढीग होते, वर्तमानपत्रे रोज छायाचित्रे छापत होती आणि एका मोठ्या पाहुण्यांचा दौरा ठरला होता. पालिकेचे आरोग्य अधिकारी एम.बी.बी.एस. आणि वर सार्वजनिक आरोग्याची पदविका घेतलेले, शांत गृहस्थ होते. मी तीन ओळींचा आदेश काढला: पुढील आदेशापर्यंत आरोग्य अधिकाऱ्यांनी कचरा वाहतूक, कचरा डेपो आणि कंत्राटदारांची देयके यांचे काम अग्रक्रमाने पाहावे, व सर्व स्वच्छता निरीक्षकांनी सफाई कामगारांच्या हजेरीवर देखरेख ठेवावी. 'अग्रक्रमाने' हा शब्द माझा. शहर दोन महिन्यांत स्वच्छ दिसू लागले. माझे कौतुक झाले आणि मला ते आवडले. 'पुढील आदेश' काढायचे मात्र मी विसरलो.

दीड वर्षाने एका पेठेत काविळीची साथ आली. नाल्यातून गेलेली जुनी जलवाहिनी गळत होती. पाण्याला वास येतो अशा तक्रारी पाणीपुरवठा विभागाच्या नोंदवहीत तीन आठवड्यांपासून होत्या. पेठेतल्या खासगी डॉक्टरांपैकी प्रत्येकाने पाच-सहा रुग्ण पाहिले होते. एकेकाला पाच-सहा काही जास्त वाटले नाहीत. सरकारी इस्पितळातली नोंद जिल्ह्याच्या मासिक अहवालात जायची होती. आम्हाला साथ कळली ती वर्तमानपत्रातून. गेलेल्यांत तीन गरोदर स्त्रिया होत्या. त्यांतल्या एकीच्या सासऱ्यांनी माझ्या कक्षात येऊन मला एवढेच विचारले, की साहेब, पाण्याला वास येतो हे आम्ही लिहून दिले होते, ते कोण वाचते?

चौकशी झाली. एक कनिष्ठ अभियंता निलंबित झाला. माझा तीन ओळींचा आदेश चौकशीच्या कागदपत्रांत नव्हता, आणि तो तिथे जोडावा असे मीही सुचवले नाही. पुढे आरोग्य अधिकाऱ्यांनी मला सहज बोलताना सांगितले की पूर्वी ते दर शनिवारी दुपारी त्या पेठेतल्या पाच-सहा डॉक्टरांकडे चहाला जात. कोणाकडे काय रुग्ण येताहेत याच्या गप्पा होत. ट्रकांचे काम आल्यापासून शनिवारची दुपार देयके तपासण्यात जाऊ लागली. त्यांच्या बोलण्यात ठपका नव्हता. असता तर बरे झाले असते.

माझा आदेश ही एका माणसाची चूक असती, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण मी जे तीन ओळींत केले, ते आपल्या देशाने तीस-चाळीस वर्षांत, समित्या नेमून, सद्हेतूने केले. १९४६ च्या भोर समितीने प्रतिबंधक आणि उपचारात्मक सेवा एकत्र असाव्यात असे सांगितले. समितीचा हेतू असा होता की डॉक्टरने औषधाबरोबर पाण्याचाही विचार करावा. घडले उलट. दोन्ही खाती एकत्र आली तेव्हा खाटा, शस्त्रक्रिया आणि औषधखरेदी यांनी सगळा वेळ आणि सगळा पैसा खाल्ला. इस्पितळाबाहेर रांग लागली तर आमदार प्रश्न विचारतो. न आलेल्या साथीबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर देवी काढणारे, हिवतापाचे कर्मचारी वगैरे मंडळी 'बहुउद्देशीय' झाली. शहरांत सार्वजनिक आरोग्याची पदविका घेतलेला डॉक्टर कुठे बसवायचा हेच कोणाला कळेना. महापालिकेत त्याला एकच भरघोस काम उरले होते, ते म्हणजे सफाई. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतील सहावी नोंद वाचावी. सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, मलनिस्सारण-सफाई आणि घनकचरा व्यवस्थापन, सगळे एकाच ओळीत. ओळीतला पहिला शब्द कोणता हे आपण विसरलो आणि शेवटचा शब्द तेवढा धरून बसलो.

२०१६ पासून शहरांची स्वच्छतेनुसार क्रमवारी लागू लागली. क्रमवारीमुळे शहरे स्वच्छ झाली हे मी नाकारत नाही. ज्याने कचऱ्याचे ढीग पाहिले आहेत तो नाकारू शकत नाही. पण आयुक्ताचे लक्ष जिथे गुण मिळतात तिथे जाते. मी त्या खुर्चीत असतो तर माझेही गेले असते. रस्ता चकचकीत आहे, भिंतींवर चित्रे आहेत, आणि त्याच रस्त्याखाली पाण्याची आणि सांडपाण्याची वाहिनी एकमेकींना टेकून चालल्या आहेत. स्वच्छ दिसणे आणि निरोगी असणे यांत काविळीच्या विषाणूला फरक करता येतो, आपल्या आढावा बैठकीला येत नाही.

मृत्यूच्या नोंदींचेच पाहा. काकांच्या वहीत निदान 'कशाने गेले असे घरचे म्हणतात' एवढे तरी होते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. तरीही २०२० साली, म्हणजे महासाथीच्या वर्षात, देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी साडेबावीस टक्क्यांच्याच कारणाला वैद्यकीय प्रमाणपत्र होते. उरलेली माणसे मेली एवढेच सरकारला ठाऊक आहे. नोंदणीचे काम बहुतेक पालिकांत आरोग्य विभागाकडेच आहे. तिथे दाखला तातडीने मिळतो की नाही हे तपासले जाते, कारण नागरी सनदेत तेच लिहिले आहे. दाखल्यावरून एखाद्या प्रभागाची प्रकृती वाचायची असते ही कल्पना त्या खिडकीपर्यंत पोचलेलीच नाही.

यावर माझे तरुण सहकारी सांगतात, की आता एकात्मिक रोग सर्वेक्षण आहे, त्याचे संगणकीय संकेतस्थळ आहे, २०१३ पासून राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान आहे, पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांना आरोग्यासाठी सत्तर हजार कोटींची शिफारस केली होती. सगळे खरे आहे. पण रोगाचा आकडा जिल्ह्याच्या कक्षात जातो आणि जलवाहिनीचा नकाशा महापालिकेच्या अभियंत्याच्या कपाटात राहतो. हे दोन कागद एका टेबलावर आणणे ही कोणाची जबाबदारी आहे, हे मला अद्याप कोणत्याही मार्गदर्शक सूचनेत स्पष्ट सापडलेले नाही. क्रॉयडनचे ते बंद दार आपण आता संगणकावर बसवले आहे.

आणखी एक आक्षेप येतो: ही वसाहतकाळातली पद्धत, ती कशाला कवटाळायची? खुद्द ब्रिटननेही १९७४ मध्ये हे पद रद्द केले होते. होय, केले होते, आणि त्याचा पुढचा भाग सांगायला लोक विसरतात. १९८४ मध्ये वेकफील्डच्या स्टॅनली रॉइड इस्पितळात अन्नविषबाधेने आणि १९८५ मध्ये स्टॅफर्डमध्ये न्यूमोनियासारख्या साथीने माणसे मेल्यावर जबाबदार कोण हे तिथे कोणाला सांगता येईना. १९८८ च्या ॲचेसन समितीने सार्वजनिक आरोग्याचा संचालक नेमावा असे सांगितले, आणि २०१३ मध्ये हे काम पुन्हा स्थानिक संस्थांकडे आले. ज्यांनी ते मोडले त्यांनाच चाळीस वर्षांनी ते परत जुळवावे लागले.

आपल्याकडे तर ते सगळीकडे मोडलेही नव्हते. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातच कार्यकारी आरोग्य अधिकाऱ्याचे पद आहे आणि आजही प्रत्येक वॉर्डाला वैद्यकीय आरोग्य अधिकारी आहे. एप्रिल २०२० मध्ये धारावीत कोविडचा पहिला रुग्ण सापडला तेव्हा, दोन-अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ लाखांहून अधिक माणसे राहतात अशा त्या वस्तीत स्मशान होईल अशी भाकिते झाली. ती खोटी ठरण्याची कारणे अनेक आहेत. तिथले खासगी डॉक्टर, स्वयंसेवी संस्था, स्वतः रहिवासी यांचा वाटा मोठा. पण त्या सगळ्यांना घेऊन दारोदार जाणारी एक वॉर्ड पातळीची आरोग्य यंत्रणा तिथे आधीपासून उभी होती, तिला गल्ल्या माहीत होत्या. तमिळनाडूमध्ये १९३९ चा मद्रास सार्वजनिक आरोग्य कायदा आणि सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र संवर्ग टिकून राहिला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने असा संवर्ग सर्व राज्यांत असावा असे म्हटले. म्हणजे दाखला परदेशातून आणण्याचीही गरज नाही.

काय करावे हे सांगताना मी मोठी योजना मांडणार नाही. मोठ्या योजनांच्या फायली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. घनकचऱ्यासाठी अभियंता किंवा व्यवस्थापक नेमावा आणि आरोग्य अधिकाऱ्याच्या गळ्यातून ट्रक काढावेत. आरोग्य अधिकाऱ्याने पाणी, अन्न, आजार आणि मृत्यू यांवर शहराचा वार्षिक अहवाल स्वतःच्या सहीने प्रसिद्ध करावा आणि तो आयुक्तांच्या मान्यतेसाठी फाईलवर येऊ नये. हे वाक्य माझ्या सेवेतल्या मित्रांना खुपेल, पण माझ्या मान्यतेसाठी तो आला असता तर त्यातली कोणती ओळ मी गाळली असती हे मला नेमके ठाऊक आहे. त्याची बदली किमान तीन वर्षे राज्य शासनाने लेखी कारण दिल्याशिवाय होऊ नये. पाण्याचा स्रोत बंद करण्याचा त्याचा आदेश तत्काळ लागू व्हावा; अपील नंतर. आणि पाण्याला वास येतो अशी प्रत्येक तक्रार, अभियंत्याकडे जाते त्याच दिवशी, त्याच्याकडेही जावी.

यांतल्या शेवटच्या गोष्टीला शासननिर्णय लागत नाही, पैसा लागत नाही. कोणी आयुक्त हे वाचत असतील, तर त्यांनी पुढच्या सोमवारच्या बैठकीला पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांना गेल्या महिन्याची तक्रारवही आणायला सांगावी, आरोग्य अधिकाऱ्यांना कावीळ, जुलाब आणि विषमज्वराच्या रुग्णांचे पत्ते आणायला सांगावेत, आणि दोन्ही एकाच नकाशावर टाचण्या टोचून पाहावेत. पत्ते मिळणार नाहीत, बहुधा. मग शनिवारी दुपारी आरोग्य अधिकाऱ्यांना देयके तपासायला बसवू नये, पेठेतल्या डॉक्टरांकडे चहाला पाठवावे.